रेसिडेन्सीची तीन वर्षे: फॅमिली मेडिसिनमधले नेतृत्व आणि संशोधन

अमेरिकेत फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षांची असते. एवढ्या काळात डॉक्टरला वॉर्ड, आयसीयू, प्रसूतिकक्ष, बालरोग, शल्यविभाग, मनोविकार आणि आपत्कालीन विभाग असे सगळीकडे फिरून यावे लागते. हे फिरणे चालू असतानाच आठवड्यातले काही अर्धे दिवस क्लिनिकमध्ये स्वतःच्या नावावरचे रुग्ण पाहायचे असतात. तीन वर्षे तेच रुग्ण, तीच कुटुंबे. पहिल्या वर्षी ज्या गरोदर बाईला तपासले, तिच्या बाळाची लस दुसऱ्या वर्षी टोचायची आणि तिसऱ्या वर्षी त्याच घरातल्या आजोबांच्या शेवटच्या दिवसांतल्या उपचारांबद्दल बोलायचे, असे या शाखेचे स्वरूप आहे. आठवड्याला कमाल 80 तास काम, तेही चार आठवड्यांच्या सरासरीने, ही मर्यादा 2003 पासून लागू आहे आणि व्यग्र महिन्यांत काम तिच्या जवळ जाते. नेतृत्वाच्या आणि संशोधनाच्या संधी शोधायच्या त्या उरलेल्या वेळात. माहितीपत्रकात त्यांना एक अख्खे पान दिलेले असते. वेळापत्रकात त्यांच्यासाठी किती अर्धे दिवस मोकळे ठेवले आहेत, हे त्या पानावर सहसा नसते. प्रवेशाच्या मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराने विचारायचा प्रश्न तोच आहे.

ही शाखा तशी अलीकडची. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांनी 1947 मध्ये आपली अकादमी स्थापन केली, तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयांत तज्ज्ञांचा बोलबाला वाढत चालला होता आणि गावातल्या डॉक्टरला तिथे कोणी विचारत नव्हते. 1966 मध्ये मिलिस, फॉल्सम आणि विलर्ड या नावांनी ओळखले जाणारे तीन अहवाल आले. संपूर्ण माणसाची दीर्घकाळ जबाबदारी घेणारा प्रशिक्षित डॉक्टर हवा, अशा अर्थाची मागणी त्यांनी केली. फेब्रुवारी 1969 मध्ये फॅमिली प्रॅक्टिसला विसावी विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. प्रमाणपत्र देणाऱ्या नव्या मंडळाने पहिल्याच दिवशी स्वतःवर एक कडक अट लादून घेतली: जुन्या अनुभवी डॉक्टरांनाही परीक्षेशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि मिळालेले प्रमाणपत्रही कायमचे नाही, ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यायची. अशी अट घालणारे ते अमेरिकेतले पहिले मंडळ. विद्यापीठात पाय रोवायचे तर अभ्यासाचा पुरावा द्यावा लागेल, हे त्या पिढीने ओळखले होते. अध्यापकांची संघटना 1967 मध्ये आणि संशोधकांची ‘नॅपक्रग’ 1972 मध्ये उभी राहिली ती याच गरजेतून.

संशोधन क्लिनिकमध्येच का व्हायला हवे, याचे सर्वांत चोख उत्तर केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1961 मधल्या लेखात आहे. एका महिन्यात 1000 प्रौढांपैकी 750 जणांना काही ना काही दुखणे होते, 250 डॉक्टरकडे जातात, 9 इस्पितळात दाखल होतात, 5 जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जाते आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचतो तो एक. त्या एकाच्या पलंगाभोवती विद्यार्थी शिकतात आणि बहुतेक संशोधनही तिथेच होते. चाळीस वर्षांनी, 2001 मध्ये, लॅरी ग्रीन आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी नव्याने केली. आकडे थोडे इकडे-तिकडे झाले, चित्र तेच राहिले: हजारांत 8 जण इस्पितळात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात एकाहूनही कमी. उरलेल्या शेकडो लोकांची डोकेदुखी, थकवा, चक्कर, पोटातली कळ यांचे पुढे काय होते, हे ठाऊक असते ते क्लिनिकमध्ये बसणाऱ्याला. रेसिडेंट तिथे बसलेलाच असतो.

यातली मोठी माणसे विद्यापीठाबाहेरची होती. इंग्लंडमधल्या वेन्सलीडेलच्या खोऱ्यात विल पिकल्स हा खेड्यातला डॉक्टर साथींची नोंद तारीखवार ठेवत असे. 1929 च्या काविळीच्या साथीत सकाळी अंथरुणात पाहिलेली एक आजारी मुलगी दुपारी गावच्या जत्रेत गेली आणि तिच्यामुळे आणखी कोणाकोणाला लागण झाली, याचा त्याने माग काढला आणि लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत किती दिवस जातात ते ठरवले. शहरात हे जमले नसते; खेड्यात कोण कोणाला कधी भेटले हे डॉक्टरला माहीत असते. जॉर्जिया राज्यात क्लॅक्स्टन नावाच्या लहानशा गावात कर्टिस हेम्सला आपल्या रुग्णांत एक विसंगती दिसली. कृष्णवर्णीय रुग्णांत रक्तदाब जास्त असूनही हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार गोऱ्या रुग्णांपेक्षा कमी आढळत होता. त्या निरीक्षणातून 1960 च्या सुमारास इव्हान्स काउंटीचा अभ्यास सुरू झाला आणि हृदयरोगाच्या साथशास्त्रात त्याला मानाचे स्थान मिळाले. फॅमिली मेडिसिनमधल्या संशोधनाचा एक प्रतिष्ठेचा पुरस्कार आज हेम्सच्या नावाने दिला जातो. दोघांच्याही कामाची सुरुवात प्रयोगशाळेत नाही, वहीत झाली.

आजच्या रेसिडेंटला वहीऐवजी इलेक्ट्रॉनिक नोंदी मिळतात आणि जोडीला एक नियम. रेसिडेन्सीला मान्यता देणाऱ्या ‘एसीजीएमई’ या संस्थेच्या अपेक्षेनुसार फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेंटने तीन वर्षांत दोन अभ्यासकामे पुरी करायची असतात आणि त्यांतले किमान एक गुणवत्ता सुधाराचे असावे लागते. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळालाही स्वतःच्या कामातली सुधारणा दाखवणारा एक उपक्रम लागतो, त्यामुळे एकच काम दोन्हीकडे चालते. नियम पाळण्यापुरते केलेले काम ओळखू येते. सहसा ती संगणकावर उघडणारी आणखी एक सूचनाखिडकी असते. डॉक्टर ती न वाचताच बंद करतात, आणि शेवटच्या महिन्यात तिच्यावर घाईघाईने पोस्टर होते.

चांगले काम कसे दिसते, ते मधुमेही रुग्णांच्या पायांच्या तपासणीत पाहता येते. वर्षातून एकदा तरी पायाची संवेदना मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक तंतूने तपासावी, हे प्रत्येकाला पाठ असते. तरी नोंदी काढल्या की बऱ्याच रुग्णांत ती झालेली नसते. शिक्षक म्हणतात डॉक्टर विसरतात, म्हणून आणखी एक व्याख्यान ठेवा. एखादी रेसिडेंट मात्र दोन दुपारी क्लिनिकच्या कोपऱ्यात नुसती उभी राहते आणि तिला वेगळेच दिसते. रुग्ण बूट-मोजे घालून बसलेला असतो. थंडीचे दिवस, बुटांना लेस, गुडघे दुखणारी सत्तरीची बाई. ते काढायचे म्हणजे पाच मिनिटे, आणि एका रुग्णासाठी मिळतात पंधरा किंवा वीस. डॉक्टर आत येतो, पायांकडे पाहतो आणि पुढच्या वेळी बघू म्हणतो. मग उपाय असा निघतो की रक्तदाब घेणाऱ्या मेडिकल असिस्टंटनेच मधुमेही रुग्णाला बूट-मोजे काढायला सांगायचे. खर्च शून्य. पण असिस्टंटचे काम वाढते, तिला आधीच तीन खोल्या सांभाळायच्या असतात, आणि तिला हे सांगायचे कोणी? रेसिडेंट तिची वरिष्ठ नव्हे, पगार देणारीही नव्हे. ती असिस्टंटबरोबर जेवायला बसते, तिची अडचण ऐकते, एका खोलीत दोन आठवडे करून पाहू म्हणते. दोन आठवड्यांनी आकडे भिंतीवर लागतात. आलेख वर जातो, मग दोन असिस्टंट रजेवर गेल्यावर खाली येतो, मग प्रत्येक खोलीत बूट काढायला सोपी बुटकी खुर्ची येते आणि तो पुन्हा चढतो. खाली आलेला भाग पोस्टरवरून गाळण्याचा मोह होतो, पण परिषदेत अनुभवी माणसे बोट ठेवतात ते नेमके त्याच भागावर. अधिकार नसताना माणसांकडून काम करून घेणे आणि आकड्यांशी प्रामाणिक राहणे या दोन्ही गोष्टींचा सराव इथे एकाच कामात होतो. वेगळी नेतृत्वकार्यशाळा याहून जास्त काही शिकवते असे दिसत नाही.

लिखाणाची वाट लहान कामापासून सुरू होते. दुर्मीळ रुग्णाची केस लिहिणे सर्वांत सोपे, म्हणून त्यांचाच पूर असतो. पण फॅमिली मेडिसिनमध्ये दुर्मीळ आजारापेक्षा नेहमीच्या आजाराची अडनिडी बाजू जास्त शिकवून जाते. ‘एफपीआयएन’ या फॅमिली डॉक्टरांच्या जाळ्याने त्यासाठी एक उत्तम सोय केली आहे. क्लिनिकमध्ये पडलेला एक नेमका प्रश्न घ्यायचा, उदाहरणार्थ एखाद्या औषधाने वृद्धांची झोप सुधारते का, त्यावरचे पुरावे शोधायचे, तपासायचे आणि अध्यापकाबरोबर छोटे उत्तर लिहायचे. मजकूर अनेकदा परत येतो, लाल शाईने भरून. हे उत्तर छापून येईपर्यंत रेसिडेंटला पुरावा आणि मत यांतला फरक कळलेला असतो, बायोडेटात एक ओळ वाढते ती वेगळीच. पुढे अध्यापक संघटनेची वसंतातली वार्षिक परिषद आणि नॅपक्रगचे अधिवेशन अशी पोस्टरची ठिकाणे आहेत. या शाखेत ‘फॅमिली मेडिसिन’ आणि 2003 पासून निघणारे ‘अॅनल्स ऑफ फॅमिली मेडिसिन’ ही नियतकालिके मानाची समजली जातात. गुणवत्ता सुधाराचे काम छापायचे तर आयआरबीचे, म्हणजे नीतिशास्त्र समितीचे, पत्र लागते. हे काम संशोधनाच्या व्याख्येत बसत नाही, असे एका ओळीत सांगणारे पत्र आधी मागून ठेवले की झाले. शेवटच्या महिन्यात ही गोष्ट आठवली की वर्षाचे काम पाण्यात जाते.

या सगळ्यात निर्णायक ठरतो तो मसुदा वाचणारा अध्यापक. रेसिडेन्सीच्या शिक्षकांत रुग्ण पाहण्यात तरबेज माणसे भरपूर असतात, स्वतः लिहिणारी कमी. ज्या कार्यक्रमात असा एखादा तरी आहे तिथे कामे पूर्ण होतात, नाहीतर अनुदान, ग्रंथालय, संख्याशास्त्रज्ञ सगळे असूनही फोल्डर अर्धवट राहतात.

नेतृत्वाचे सर्वांत दृश्य पद म्हणजे चीफ रेसिडेंट. तिसऱ्या वर्षी सहकाऱ्यांच्या मताने किंवा संचालकांच्या निवडीने एक, दोन, कधी तीन जणांना ते मिळते. सोबत थोडे मानधन आणि काही मोकळे अर्धे दिवस मिळतात. बाहेरून हा सन्मान वाटतो. आतून ते बरेचसे ड्युटी लावण्याचे काम आहे. वर्षभराचा तक्ता एका मोठ्या स्प्रेडशीटमध्ये असतो. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि नववर्ष या तीन सुट्ट्यांपैकी प्रत्येकाला किमान एक हवी असते. एकीची प्रसूती फेब्रुवारीत, दुसऱ्याची फेलोशिपची मुलाखत, तिसऱ्याच्या वडिलांचे भारतात ऑपरेशन. रविवारी रात्री फोन वाजतो: उद्याच्या कॉलवरच्या रेसिडेंटला ताप आहे, बदली कोण? राखीव यादीतल्या माणसाने मागच्याच आठवड्यात एक बदली केलेली असते. त्याला पुन्हा बोलावले तर तो नियमाने नाही म्हणू शकत नाही, पण मनात धरतो. अशा वेळी काही चीफ स्वतःच कॉल घेतात. दोनदा घेतला तर कौतुक होते, दहाव्यांदा घेतला तर इतरांना त्याची सवय लागते. शिवाय चीफ कालच्या सहकाऱ्यांचा प्रतिनिधीही असतो आणि प्रशासनाचा निरोप्याही. रेसिडेंट चुकला की संचालक आधी चीफला विचारतात, आणि रेसिडेंट त्यालाच सांगतात की हे तुझ्यापाशीच ठेव. कोणती गोष्ट पोटात ठेवायची आणि रुग्णाला धोका दिसताच कोणती वर न्यायची, हे तक्त्यात लिहिलेले नसते. अकादमी नव्या चीफ रेसिडेंटसाठी खास प्रशिक्षण भरवते.

चीफपदाची हौस नसलेल्यांसाठी समित्या आहेत, आणि काही समित्या खरोखर कामाच्या आहेत. प्रत्येक रेसिडेन्सीला दरवर्षी स्वतःचे मूल्यमापन करणारी समिती नेमावी लागते आणि तिच्यात किमान एक रेसिडेंट असणे बंधनकारक आहे. एखादे रोटेशन निरुपयोगी असेल तर ते बदलण्याचा ठराव तिथे होतो. रुग्णालयाच्या औषध समितीत किंवा संसर्ग नियंत्रण समितीत बसणारा रेसिडेंट पहिले काही महिने फक्त ऐकतो. पैसा कुठून कुठे जातो हे त्याला तिथे कळते, आणि ते वॉर्डमध्ये कोणी शिकवत नाही. राष्ट्रीय पातळीवर अकादमीच्या संचालक मंडळात आणि तिच्या आयोगांत रेसिडेंटसाठी जागा आहेत. दर उन्हाळ्यात कॅन्सस सिटीत भरणाऱ्या परिषदेत रेसिडेंटांची स्वतःची काँग्रेस असते. राज्याराज्यांतून प्रतिनिधी येतात, ठराव मांडतात, दुरुस्त्या सुचवतात, मते देतात. साहित्य संमेलनाच्या शेवटच्या दिवशीचे ठराव ज्यांनी ऐकले आहेत त्यांना यातला उत्साह आणि यातली निष्फळता दोन्ही ओळखीची वाटेल. तरी प्रक्रिया शिकण्यासाठी ही जागा वाईट नाही: दोन मिनिटांत मुद्दा मांडायचा, विरोधकाचे वाक्य आपल्या मसुद्यात घ्यायचे आणि हरल्यावर त्याच्याबरोबर कॉफी प्यायची.

काही रेसिडेन्सींनी नेतृत्व आणि अभ्यास हे वेगळे विषय मानलेच नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये माँटेफिओरी रुग्णालयाचा सामाजिक वैद्यकाचा रेसिडेन्सी कार्यक्रम 1970 पासून चालू आहे. तिथे प्रत्येक रेसिडेंट वस्तीशी निगडित एक प्रकल्प करतो, मग तो घरातल्या बुरशीमुळे होणाऱ्या दम्याचा असेल किंवा तुरुंगातून सुटलेल्यांच्या औषधांचा. या विचाराची मुळे दक्षिण आफ्रिकेत आहेत. सिडनी आणि एमिली कार्क या दांपत्याने 1940 च्या दशकात फोलेला इथे आरोग्य केंद्र चालवले. तिथे विद्यार्थी म्हणून काम केलेल्या जॅक गायगरने पुढे मिसिसिपीतल्या माउंड बायू इथे केंद्र उभारले आणि उपाशी मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून दिले. बिल औषधखात्यात टाकले. सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा त्याचे उत्तर असे होते की कुपोषणावर वैद्यकीय पुस्तकांत अन्न हेच औषध दिलेले आहे. मराठी वाचकाला इथे जामखेड आठवेल. जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केले. परदेशातले विद्यार्थी आणि डॉक्टर आजही तिथे प्रशिक्षणाला येतात. महिन्याभराच्या इलेक्टिव्हवर आलेला रेसिडेंट तिथे कोणाचा जीव वाचवत नाही. कमी शिकलेली गावातली बाई गटाची बैठक कशी चालवते हे तो पाहतो, आणि ते त्याला पुढे कामी येते.

धोरणाकडे ओढा असलेल्यांसाठी वॉशिंग्टनमधले रॉबर्ट ग्रॅहम सेंटर आहे. 1999 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राचे पहिले संचालक वर उल्लेखलेले लॅरी ग्रीनच. त्यांच्या नावाच्या योजनेतून रेसिडेंट चार आठवडे तिथे राहून एका प्रश्नावर आकडेवारीसह काम करू शकतो. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचे संस्थापक निकोलस पिसॅकानो यांच्या नावाची शिष्यवृत्ती मोठी आणि नामांकित आहे, पण तिची निवड वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात होते आणि मग ती रेसिडेन्सीभर चालते. रेसिडेन्सीत शिरल्यावर चौकशी करणाऱ्याला उशीर झालेला असतो. पैशाचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. अमेरिकेत शिकलेल्या नव्या डॉक्टरच्या डोक्यावर सर्वसाधारणपणे दोन लाख डॉलरांच्या घरात कर्ज असते. रेसिडेन्सीनंतर वर्ष-दोन वर्षांची संशोधनाची किंवा अध्यापनाची फेलोशिप म्हणजे तेवढा काळ पूर्ण पगारावर पाणी. क्रीडावैद्यक, उपशामक उपचार अशा फेलोशिपकडे लोक वळतात, कारण त्यांनी नवे कौशल्य हाती येते. निव्वळ संशोधनाकडे वळणारे थोडे, आणि त्याचे कारण बुद्धीत शोधण्यात अर्थ नाही.

पुणे, मुंबई, नागपूरच्या महाविद्यालयांतून एमबीबीएस होऊन गेलेल्यांची गोष्ट यात वेगळी मांडावी लागते. रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या मॅचच्या आकडेवारीत गोषवारे, सादरीकरणे आणि लेख एकत्र मोजले जातात, म्हणून अर्जापूर्वीच नावावर लेख जमवण्याची धावपळ चालते. त्या गठ्ठ्यातून रेसिडेन्सीत उपयोगी पडते ते फार थोडे. आत शिरल्यावर व्हिसाच्या भिंती दिसतात. जे-1 व्हिसावरच्या डॉक्टरला ड्युटीबाहेर जादा काम करून पैसे मिळवता येत नाहीत. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थची संशोधन कारकीर्द घडवणारी बहुतेक अनुदाने नागरिकांना किंवा ग्रीन कार्डधारकांना मिळतात. कर्जफेडीच्या सरकारी योजनांतही नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डाची अट सहसा असते. मात्र रेसिडेन्सीतल्या कामांना, म्हणजे चीफपद, समित्या, गुणवत्ता सुधार, एफपीआयएनचे लेखन आणि अकादमीची काँग्रेस यांना, व्हिसा आड येत नाही. जे-1 वाल्याला प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ती माफ करून घेण्याचा नेहमीचा मार्ग कॉनरॅड कार्यक्रम. 1994 मध्ये तो सुरू झाला तेव्हा दर राज्याला 20 जागा होत्या, 2002 पासून 30 आहेत. बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करायचे. अशा गावात इस्पितळ लहान, डॉक्टर मोजके, आणि वृद्धांच्या नर्सिंग होमचा वैद्यकीय संचालक निवृत्तीला आलेला. नवा डॉक्टर रुजू होऊन फार दिवस झालेले नसतात तोच त्याला विचारणा होते: ते पद घेणार का, आणि इस्पितळाच्या गुणवत्ता समितीचे काय? ज्याने रेसिडेन्सीत एकदा तरी भिंतीवर आलेख लावून असिस्टंटशी वाटाघाट केलेली असते, तो होकार देण्यापूर्वी या कामासाठी आठवड्यातले किती तास मिळतील ते विचारतो आणि ते करारात लिहून घेतो.